ॲलिस हॅमिल्टन

ॲलिस हॅमिल्टन (२७ फेब्रुवारी १८६९, न्यू यॉर्क – २२ सप्टेंबर १९७०, हॅडलाइम, कनेटिकट) या अमेरिकन डॉक्टर, विकृतिशास्त्रज्ञ व समाजसुधारक होत्या. औद्योगिक वैद्यक आणि औद्योगिक विषशास्त्र या दोन्ही शाखांचा अमेरिकेतील पाया त्यांनी घातला असे मानले जाते. शिसे, शिशाची संयुगे आणि ओतकामात वापरले जाणारे शिशाचे मिश्रधातू यांच्यापासून कामगारांना होणारी विषबाधा हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय होता. हार्वर्ड विद्यापीठात अध्यापकपदी नेमणूक झालेल्या त्या पहिल्या महिला होत.

बालपण आणि शिक्षण

हॅमिल्टन यांचा जन्म न्यू यॉर्क शहरात झाला, परंतु त्यांचे बालपण इंडियाना राज्यातील फोर्ट वेन या गावी मोठ्या एकत्र कुटुंबात गेले. वडील मॉन्टगोमेरी हॅमिल्टन घाऊक किराणा मालाचे व्यापारी होते. आईचे नाव गर्ट्रूड. पाच भावंडांत ॲलिस दुसऱ्या. थोरली बहीण ईडिथ हॅमिल्टन पुढे ग्रीक व रोमन पुराणकथांवरील लेखनामुळे जगप्रसिद्ध झाली. मुलांचे प्रारंभीचे शिक्षण घरीच झाले. त्यात भाषा व साहित्य यांवर भर होता आणि विज्ञान जवळजवळ नव्हते. त्यानंतर कनेटिकटमधील फार्मिंग्टन येथील मुलींच्या शाळेत त्या दोन वर्षे शिकल्या.

वडिलांचा व्यापार बुडाल्यावर मुलींना आपल्या पायांवर उभे राहणे भाग झाले. ॲलिस यांनी वैद्यकीचा मार्ग निवडला. विज्ञानाची उणीव त्यांनी आधी फोर्ट वेन येथे भरून काढली आणि १८९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातून वैद्यकीय पदवी मिळवली. मिनीॲपोलिस व बॉस्टनजवळील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी उमेदवारी केली. परंतु त्यांचा ओढा रुग्णसेवेपेक्षा प्रयोगशाळेकडे अधिक होता. १८९५-९६ मध्ये त्या ईडिथसह जर्मनीत लाइप्झिग व म्युनिक येथे शिकल्या. स्त्रियांना तेथे वर्गात बसता येई ते मेहरबानी म्हणून आणि शक्यतो कोणाच्या नजरेस न पडता. परतल्यावर त्यांनी जॉन्स हॉपकिन्स येथे सायमन फ्लेक्सनर यांच्या हाताखाली वर्षभर काम केले.

हल हाउस

१८९७ मध्ये शिकागो येथील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात विकृतिशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून हॅमिल्टन रुजू झाल्या आणि जेन ॲडम्स यांच्या हल हाउस या संस्थेत राहू लागल्या. १८८९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था शिकागोच्या गरीब, परदेशांतून आलेल्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत होती. सुशिक्षित मंडळी तेथे शेजारी म्हणून राहत व वस्तीसाठी काम करीत. हॅमिल्टन तेथे दोन दशकांहून अधिक काळ राहिल्या. लहान मुलांसाठी त्यांनी चालवलेला दवाखाना त्या काळातला. इटालियन, पोलिश, ग्रीक कामगारांच्या घरांत त्यांचे जाणे-येणे असे. तरणाताठा मनुष्य अकाली थकलेला, मनगटे लुळी पडलेली, पोटाच्या कळांनी हैराण झालेला दिसणे ही तेथे नवलाची बाब नव्हती.

१९०२ मध्ये वस्तीत विषमज्वराची साथ आली. हॅमिल्टन यांनी उघड्या संडासांवरील माशा गोळा करून त्यांच्यामार्फत रोगजंतू पसरतात असे दाखवले. या निबंधाने त्यांचे नाव झाले आणि शहराच्या आरोग्य खात्याची फेररचनाही झाली. साथीचे खरे कारण पुढे उघडकीस आले. फुटलेल्या नळातून सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले होते आणि खात्याने ती गोष्ट दडवून ठेवली होती. आपली कीर्ती चुकीच्या निष्कर्षावर उभी राहिली याची खंत हॅमिल्टन यांना कायम वाटत राहिली. त्यांच्या नंतरच्या अहवालांत प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र खातरजमा करण्याचा जो आग्रह दिसतो, त्याचे एक मूळ या अनुभवात शोधता येते.

इलिनॉयची पाहणी

१९०७ च्या सुमारास ब्रिटिश डॉक्टर टॉमस ऑलिव्हर यांचा धोकादायक व्यवसायांवरील ग्रंथ हॅमिल्टन यांच्या वाचनात आला. इंग्लंड व जर्मनीत कारखान्यांतील विषबाधेवर कायदे होते, तपासनीस होते, आकडेवारी होती. अमेरिकेत यांपैकी काहीच नव्हते. अमेरिकन कारखाने आधुनिक असल्याने तेथे असले रोग होतच नाहीत, अशी समजूत डॉक्टरांतही रूढ होती.

१९०८ मध्ये इलिनॉयचे गव्हर्नर चार्ल्स डेनीन यांनी व्यवसायजन्य रोगांवर आयोग नेमला. १९१० मध्ये त्याची प्रत्यक्ष पाहणी हॅमिल्टन यांच्या देखरेखीखाली झाली. शिशाचा भाग त्यांनी स्वतःकडे घेतला. शिसे कोठे वापरले जाते याचीसुद्धा यादी नव्हती. रुग्णालयांची दप्तरे, वस्तीतील डॉक्टर, औषधविक्रेते, धर्मगुरू, कामगार संघटना, प्रसंगी गुत्त्यांचे मालक अशा सर्वांकडून त्यांनी माणसे शोधली आणि त्या माणसांकडून कारखाने.

ही उलटी वाट किती आवश्यक होती हे एका प्रसंगावरून कळते. लोखंडी स्नानकुंडांवर मुलामा चढवणारा एक पोलिश कामगार शिशाच्या बाधेने रुग्णालयात दाखल झाला. त्याच्या कारखान्याला हॅमिल्टन यांनी आधीच भेट दिली होती व तेथे शिसे आढळले नव्हते. त्याच्या घरी जाऊन विचारल्यावर उलगडा झाला. पाहुण्यांना फक्त शेवटचे किरकोळ काम दाखवले जाई. तापून लाल झालेल्या कुंडावर शिसेयुक्त काचेची पूड शिंपडण्याचे मुख्य काम दुसरीकडे होत असे.

या पाहणीत शिसे वापरणाऱ्या सत्तरांहून अधिक प्रक्रिया आणि विषबाधेचे ५७८ रुग्ण नोंदले गेले. १९११ मध्ये इलिनॉयने व्यवसायजन्य रोगांविषयी कायदा केला. शिशासारख्या विषारी द्रव्यांवर काम करणाऱ्यांसाठी हवा खेळती ठेवणे, संरक्षक साधने पुरवणे आणि दरमहा वैद्यकीय तपासणी करणे त्याने मालकांवर बंधनकारक केले.

देशव्यापी तपास

१९१० मध्ये ब्रुसेल्स येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत अमेरिकेजवळ सांगण्यासारखे काही नाही हे उघड झाले. संघराज्याचे श्रम आयुक्त चार्ल्स नील यांनी त्यानंतर हॅमिल्टन यांना देशभरातील शिशाच्या उद्योगांची पाहणी करण्यास सांगितले. या कामाच्या अटी चमत्कारिक होत्या. कोणत्याही कारखान्यात शिरण्याचा अधिकार त्यांना नव्हता. मालकाने नाही म्हटले तर परत फिरणे भाग होते. ठरलेला पगारही नव्हता. अहवाल पुरा झाला की सरकार तो विकत घेणार होते. तरीही बहुतेक मालकांनी दारे उघडली. सभ्य, मृदुभाषी, जुन्या वळणाच्या बाईंना नकार देणे त्यांना जड जात असावे. हॅमिल्टन यांनीही या प्रतिमेचा पुरेपूर उपयोग केला.

सुरुवात त्यांनी सफेद्यापासून केली. शिशाचा सफेदा हे तेव्हाच्या रंगांतील प्रमुख द्रव्य. सुक्या सफेद्याची भुकटी भट्ट्यांतून उपसताना हवेत धुके दाटावे तशी दाटत असे. ९० माणसांच्या एका इंग्रज कारखान्यात ओळीने ५ वर्षे एकही रुग्ण नव्हता, तर ८५ माणसांच्या एका अमेरिकन कारखान्यात ६ महिन्यांत ३५ जणांना बाधा झाली होती, अशी तुलना त्यांनी मांडली. विष तेच आणि वस्तूही तीच असताना फरक होता तो धूळ आवरण्याच्या व्यवस्थेत.

मालकांचे ठरलेले उत्तर असे की कामगार हात न धुता जेवतात म्हणून आजारी पडतात. हॅमिल्टन यांनी हा मुद्दा मोडून काढला. अस्वच्छ हातांतून शिसे पोटात जाते हे खरे. परंतु कारखान्यात शिरणाऱ्या विषाचा मोठा भाग श्वासावाटे जातो आणि श्वास घेणे टाळता येत नाही. दोष कामगाराच्या सवयीचा मानला की उपाय साबणाचा ठरतो. दोष हवेचा मानला की धूळ खेचून घेणारे पंखे, झाकलेली यंत्रे व ओला झाडू यांचा खर्च मालकावर येतो. वाद वैद्यकीय दिसत असला तरी पैशाचाही होता.

नॅशनल लेड कंपनीचे एडवर्ड कॉर्निश यांना आपल्या शिकागोच्या कारखान्यात बाधा होते हे मान्य नव्हते. हॅमिल्टन यांनी तेथील २२ रुग्णांची नावे डॉक्टरांच्या निदानासह त्यांच्यापुढे ठेवली. कॉर्निश यांनी शब्द पाळला आणि कंपनीच्या कारखान्यांत धूळ खेचणारी यंत्रणा बसवून डॉक्टर नेमले. सर्वच मालक असे निघाले नाहीत.

१९११ ते १९१७ या काळात सफेदा, चिनी मातीची भांडी व मुलामा, रंगारीकाम, शिशाच्या भट्ट्या, विद्युत् घटमाला, रबर आणि मुद्रण या उद्योगांवरील त्यांचे अहवाल श्रम खात्याने क्रमाने प्रसिद्ध केले.

ओतकामातील शिशाचे मिश्रधातू

चार्ल्स व्हेरिल यांच्यासह लिहिलेला मुद्रण व्यवसायाच्या आरोग्यावरील अहवाल १९१७ मध्ये निघाला. मराठी छापखान्यांत ज्यांना खिळे म्हणत ती अक्षरे शिसे, अँटिमनी व कथील यांच्या मिश्रधातूची ओतलेली असत, आणि जगभरच्या छापखान्यांत धातू जवळपास हाच होता.

नुसते शिसे खिळ्यांना चालत नाही. ते नखानेही ओरखडता येईल इतके मऊ असते आणि थिजताना आकसते, त्यामुळे अक्षराच्या कडा बोथट येतात. अँटिमनीमुळे धातूला कठीणपणा येतो व आकसणे कमी होते. कथिलामुळे रस पातळ होऊन साच्याच्या कानाकोपऱ्यांत शिरतो आणि खिळा ठिसूळ राहत नाही. हाताने जुळवायच्या खिळ्यांना पुन्हा पुन्हा दाब सोसावा लागे, म्हणून त्यांत अँटिमनीचे प्रमाण साधारण चौथ्या हिश्श्यापर्यंत असे. १८८६ पासून वापरात आलेल्या लायनोटाइप यंत्रात ओळ छापून झाली की पुन्हा वितळवली जाई. तेथे शिसे सुमारे ८५ टक्के, अँटिमनी ११ ते १२ टक्के आणि उरलेले कथील असे मिश्रण वापरीत. शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. हे मिश्रण मात्र २४० अंशांच्या आसपासच वितळते आणि साच्यात पडताच झटकन थिजते.

या शेवटच्या गुणाचा आरोग्याशी जवळचा संबंध आहे. शिसे उकळते ते १,७०० अंशांच्याही वर. ओतकामाच्या नेहमीच्या तापमानाला त्याची वाफ अगदी थोडी निघते. साधारण ५०० अंशांच्या पुढे मात्र धूर झपाट्याने वाढतो. छापखान्यात सर्वांना भीती वाटे ती उकळत्यासारख्या दिसणाऱ्या भांड्याची. खरा धोका बराचसा दुसरीकडे होता. तापलेल्या रसाचा हवेशी संबंध आला की वर करड्या रंगाचा मळ साचतो. तो शिशाच्या ऑक्साइडाने भरलेला असतो. हा मळ पळीने काढून उघड्या डब्यात वा जमिनीवर टाकला की त्याची पूड होऊन ती उडते. ओतलेल्या खिळ्यांच्या कडा घासताना धूळ होते. जुळाऱ्यांच्या खणांत महिनोन् महिने साचलेली धूळ भात्याने फुंकून साफ करण्याची जुनी रीत होती आणि ती धूळ शेजारच्या जुळाऱ्याच्या छातीत जाई. गॅसवर तापणारी भांडी, वायुवीजन नसलेली तळघरे व यंत्रे पुसण्याचे द्रावक यांची त्यात भर पडे. क्षयाने मरणाऱ्या मुद्रकांचे प्रमाण त्या काळी मोठे होते, ते शिशामुळे किती आणि कोंदट जागेमुळे किती हे वेगळे करणे अवघड होते.

म्हणूनच शिशाच्या ओतकामात सुरक्षिततेचे नियम पुढे रूढ झाले ते वितळभांड्यापुरते मर्यादित नव्हते. रसाचे तापमान गरजेपुरतेच ठेवणे, भांड्यावर धूर बाहेर नेणारे झाकण बसवणे, काढलेला मळ लगेच झाकणाच्या डब्यात टाकणे, फरशी सुकी न झाडता ओल्याने पुसणे, खण फुंकण्याऐवजी हवा खेचणाऱ्या नळीने साफ करणे हे त्यांतले मुख्य होत. कामाच्या जागी खाणे व तंबाखू वर्ज्य, कोमट पाणी व साबण हाताशी, कामाचे कपडे कारखान्यातच ठेवायचे; नाहीतर धूळ घरी मुलाबाळांपर्यंत पोचते. रसात ओलसर खिळे किंवा ओली पळी घालू नये, कारण पाण्याची क्षणात वाफ होऊन तापलेला धातू उसळतो. हा अपघात मात्र विषबाधेहून निराळा आहे. तो डोळ्यांदेखत घडतो, म्हणून ओतारी त्याला आपसूकच जपत.

घटमालांच्या कारखान्यांतही हीच गोष्ट दिसे. घटांच्या जाळ्या शिसे व अँटिमनी यांच्या मिश्रधातूच्या ओतलेल्या असत. त्या ओतण्याचे काम धगीचे असले तरी त्या जाळ्यांत लिथार्ज (मुरदाडशिंग) व शेंदूर यांचे मिश्रण भरण्याचे काम अधिक घातक होते. ही दोन्ही शिशाची ऑक्साइडे होत आणि ती सुक्या भुकटीच्या रूपात हाताळली जात. गरम धातूपेक्षा थंड धूळ वाईट, ही गोष्ट कामगारांना व मालकांना पटवणे हॅमिल्टन यांच्या कामाचा मोठा भाग होता.

बाधेची लक्षणे हळूहळू उमटतात. फिकटपणा, बद्धकोष्ठ, पोटात असह्य कळा, हिरड्यांवर निळसर काळी रेघ, मनगट लुळे पडणे आणि तीव्र बाधेत झटके व भ्रम असा त्यांचा क्रम असू शकतो. शिसे हाडांत साठून राहते, त्यामुळे काम सोडल्यावरही माणूस लगेच सुटत नाही. शरीरातील शिसे मोजण्याच्या आजच्यासारख्या रक्तचाचण्या त्या वेळी नव्हत्या. हॅमिल्टन यांचे आकडे ठळक लक्षणे असलेल्या रुग्णांचेच आहेत; प्रत्यक्ष बाधा त्याहून जास्त असणार.

हार्वर्ड

१९१९ मध्ये अधिष्ठाता डेव्हिड एडसॉल यांनी हॅमिल्टन यांना हार्वर्डमध्ये औद्योगिक वैद्यकाच्या साहाय्यक प्राध्यापकपदी बोलावले. या विषयात त्यांच्या तोडीचा पुरुष देशात नव्हता. नेमणुकीसोबत तीन अटी आल्या: अध्यापकांच्या क्लबात पाऊल टाकायचे नाही, फुटबॉलच्या सामन्यांची तिकिटे मागायची नाहीत आणि पदवीदान समारंभाच्या मिरवणुकीत सामील व्हायचे नाही. हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात विद्यार्थिनींना प्रवेश मिळण्यास १९४५ साल उजाडावे लागले. हॅमिल्टन यांनी अर्धे वर्ष शिकवण्याचे व अर्धे वर्ष पाहणीसाठी मोकळे ठेवण्याचे मान्य करून घेतले. १९३५ मध्ये त्या निवृत्त झाल्या तेव्हाही साहाय्यक प्राध्यापकच होत्या. अमेरिकेतील औद्योगिक विषांवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये आणि औद्योगिक विषशास्त्रावरील पाठ्यपुस्तक १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले.

शिसेयुक्त पेट्रोल

इंजिनातील ठोका थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड मिसळण्यास १९२३ मध्ये सुरुवात झाली. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील एका तेलशुद्धीकरण कारखान्यात हे द्रव्य तयार करताना ५ कामगार भ्रम व झटके येऊन मरण पावले. २० मे १९२५ रोजी वॉशिंग्टन येथे सरकारी परिषद भरली. हॅमिल्टन यांनी तेथे या द्रव्याला ठाम विरोध केला. शिसे वापरून ते निर्धोक ठेवता आलेला उद्योग त्यांच्या पाहण्यात जवळजवळ नव्हता आणि येथे तर ते प्रत्येक रस्त्यावर सोडले जाणार होते. या द्रव्याचा उपयोग शोधणाऱ्या गटाचे प्रमुख चार्ल्स केटरिंग यांना त्यांनी तोंडावर दोष दिला. विक्री काही काळ थांबली. परंतु १९२६ च्या प्रारंभी तज्ज्ञसमितीने बंदीस पुरेसा आधार नसल्याचे सांगितले आणि ती पुन्हा सुरू झाली. अमेरिकेत मोटारींसाठी असे पेट्रोल १९९६ मध्ये पूर्णपणे बंद झाले.

युद्धविरोध व सार्वजनिक कार्य

पहिल्या महायुद्धात जेन ॲडम्स यांच्यासह हॅमिल्टन १९१५ च्या हेग येथील महिला परिषदेस गेल्या होत्या. १९१९ मध्ये त्यांनी जर्मनीतील उपासमार पाहिली. १९२४ ते १९३० या काळात त्या राष्ट्रसंघाच्या आरोग्य समितीवर होत्या. साको व व्हॅन्झेटी यांच्या मृत्युदंडाविरुद्ध रदबदली करणाऱ्यांत त्यांचा समावेश होता. १९४४ ते १९४९ या काळात त्या नॅशनल कन्झ्यूमर्स लीगच्या अध्यक्ष होत्या.

त्यांची एक भूमिका वादग्रस्त ठरली. शिशाची बाधा स्त्रियांना अधिक लवकर होते व गर्भपात घडवते, म्हणून स्त्री कामगारांसाठी स्वतंत्र संरक्षक कायदे हवेत असे त्या मानत. या कारणाने समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला त्यांनी अनेक वर्षे विरोध केला; १९५२ मध्ये तो मागे घेतला. शिसे पुरुषांच्या प्रजननक्षमतेसही घातक आहे हे लक्षात घेता, जागा स्त्रियांसाठी बंद करण्याऐवजी सर्वांसाठी सुरक्षित करावी हा त्यांच्या विरोधकांचा युक्तिवाद अधिक सबळ होता असे म्हणावे लागते.

अखेरची वर्षे

१९१६ मध्ये हॅमिल्टन यांनी कनेटिकट नदीकाठी हॅडलाइम येथे घर घेतले होते. निवृत्तीनंतर त्या तेथे बहीण मार्गारेट हिच्यासह राहिल्या. १९३७-३८ मध्ये त्यांनी कृत्रिम रेशमाच्या कारखान्यांतील कार्बन डायसल्फाइडच्या बाधेची शेवटची मोठी पाहणी केली. त्यांचे आत्मचरित्र १९४३ मध्ये निघाले. १९४७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. नव्वदी ओलांडल्यावर व्हिएतनाममधील अमेरिकन हस्तक्षेपाविरुद्धच्या खुल्या पत्रावर त्यांनी सही केली.

२२ सप्टेंबर १९७० रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी त्यांचे हॅडलाइम येथे निधन झाले. सुमारे तीन महिन्यांनी, २९ डिसेंबर १९७० रोजी, अमेरिकेचा व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य कायदा मंजूर झाला. पाहणी करणाऱ्यास कारखान्यात शिरण्याचा जो अधिकार हॅमिल्टन यांना कधीच मिळाला नाही, तो या कायद्याने संघराज्याच्या तपासनीसांना दिला. १९८७ मध्ये सिनसिनाटी येथील सरकारी व्यावसायिक आरोग्य प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले आणि १९९५ मध्ये अमेरिकन टपाल खात्याने त्यांचे ५५ सेंटचे तिकीट काढले.